दातवण, कीट आणि कीड : दंतस्वच्छतेच्या मराठी शब्दांचा इतिहास

१

एखाद्या समाजाने रोगाविषयी आणि आरोग्याविषयी काय मानले, हे त्याच्या वैद्यकग्रंथांवरून जितके कळते, तितकेच त्याच्या नित्याच्या बोलण्यावरूनही कळते. ग्रंथ थोड्यांच्या वाचनात असतात. शब्द सर्वांच्या तोंडी असतात. म्हणून ग्रंथातील विचार लोकांपर्यंत कितपत पोचला, वाटेत त्याचे काय झाले आणि कोणता भाग गळून पडला, हे पाहावयाचे असेल तर शब्दांचा माग काढणे इष्ट ठरते. प्रस्तुत लेखात दातांची स्वच्छता या विषयासंबंधीचे काही मराठी शब्द घेऊन असा माग काढण्याचा प्रयत्न केला आहे. विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु दर दिवशी, दर घरी घडणाऱ्या क्रियेला जे नाव पडते, त्या नावानेच ती क्रिया कशी व्हावी हे बऱ्याच अंशी ठरते, हे पुढील विवेचनावरून अभ्यासकांच्या ध्यानी येईल.

या विवेचनासाठी पनवेलचा परिसर डोळ्यांपुढे ठेवला आहे, त्याला कारण आहे. पनवेल हे खाडीकाठचे जुने व्यापारी गाव. मुंबई-पुणे मार्गावरील मुक्कामाचे ठिकाण. येथे १८५२ मध्ये नगरपालिका स्थापन झाली आणि रस्ते, गटारे व पाणी यांची स्वच्छता हा सार्वजनिक कारभाराचा विषय बनला. १८७२ मध्ये वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी येथेच श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना सुरू केला. २०१६ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली, आणि तिच्या हद्दीत आलेल्या कामोठे येथे आज आधुनिक दंतवैद्यकाचे महाविद्यालय व रुग्णालय आहे. याच तालुक्यातील खेड्यापाड्यांत करंजाची काडी, राखुंडी आणि मशेरी ही तिन्ही माणसांच्या स्मरणात आहेत. मशेरी तर अजून वापरातही आहे. शास्त्रीय आयुर्वेद, घरगुती आचार, तयार औषधांचा व्यापार आणि आधुनिक दंतवैद्यक असे चार थर एकाच तालुक्यात एकावर एक बसलेले येथे दिसतात.

या सर्वांतून निघणारा मुख्य मुद्दा आरंभीच सांगणे बरे. दातांवर साचणाऱ्या मळाला मराठीने एक नाव दिले आणि दात पोखरणाऱ्या शत्रूला दुसरे. हे दोन्ही मुळात एकाच गोष्टीचे परिणाम आहेत, हे विज्ञानाने गेल्या सव्वाशे वर्षांत सिद्ध केले. परंतु ज्या मऊ, डोळ्यांना सहसा न दिसणाऱ्या थरात हे सारे घडते, त्याला आपल्या घरगुती भाषेत अद्याप सर्वमान्य नाव नाही. त्या उणिवेची किंमत मोठी आहे.

२

प्रथम दातवण हा शब्द घेऊ. हा शब्द संस्कृत ‘दंतधावन’ याचा अपभ्रंश असावा, असा समज सामान्यतः आढळतो. ध्वनिदृष्ट्या तो टिकत नाही. ‘धावन’ मधील दीर्घ आकार जाऊन नुसते ‘वण’ उरण्यास समाधानकारक कारण देता येत नाही. खरे मूळ ‘दंतपवन’ हे होय. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दात घासण्याच्या काडीला हाच शब्द योजला आहे. स्वरांमधील ‘प’ चा ‘व’ होणे, लागोपाठ आलेल्या दोन ‘व’ पैकी एक गळणे आणि ‘न’ चा ‘ण’ होणे, हे तिन्ही बदल प्राकृतात नित्याचे आहेत. अशा रीतीने सिद्ध झालेले ‘दंतवण’ हे रूप अर्धमागधीत प्रत्यक्ष सापडते. दशवैकालिक सूत्राच्या तिसऱ्या अध्ययनात जैन मुनींना वर्ज्य असलेल्या गोष्टींच्या यादीत अंजन व अभ्यंग यांच्या जोडीला दंतवणाचाही उल्लेख आहे. पालीत याचेच रूप ‘दंतपोण’ असे झाले. बौद्ध विनयात मात्र भिक्षूंना दातकाडीची परवानगी आहे. तिची लांबी जास्तीत जास्त आठ अंगुळे आणि कमीत कमी चार अंगुळे असावी, असा नियम घालून दिला आहे. एका संप्रदायात निषिद्ध आणि दुसऱ्यात विहित अशी ही वस्तू असली, तरी दोन्हींकडे तिचे नाव एकाच मुळाचे आहे.

या मुळात अर्थाची एक छटा आहे. ‘पवन’ म्हणजे पावन करणारे, शुद्ध करणारे. ‘धावन’ म्हणजे धुणे. मराठीत आपण दात ‘घासतो’. त्याच्या मुळाशी घर्षणाची कल्पना आहे. वैद्यकग्रंथांत चौथा एक शब्द आहे, तो ‘लेखन’, म्हणजे खरवडून काढणे. पावन करणे, धुणे, घासणे व खरवडणे या चार क्रियापदांमागे दातांच्या स्वच्छतेविषयीच्या चार वेगवेगळ्या कल्पना उभ्या आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

धर्मशास्त्राचा भर पहिल्या दोन कल्पनांवर होता. दंतधावन हे स्नानसंध्येपूर्वीचे शुद्धिकर्म असल्यामुळे काही तिथींना, तसेच उपवासाच्या व श्राद्धाच्या दिवशी, काडीने दात घासणे वर्ज्य मानले गेले आणि त्याऐवजी पाण्याच्या बारा चुळा भरण्याचा पर्याय सांगितला गेला. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात (१९४१) आन्हिकाच्या प्रकरणात या नियमांचा परामर्श घेतला आहे. शुद्धीच्या दृष्टीने पाहिले तर यात विसंगती नाही. चूळ भरल्याने तोंड शुद्ध होते. आरोग्याच्या दृष्टीने मात्र काडी आणि चूळ यांत फार अंतर आहे, कारण चुळीने अन्नाचे कण जातात, दाताला चिकटलेला थर जात नाही.

वैद्यकाने मात्र घर्षणाचे महत्त्व ओळखले होते. चरकाने काडीचे टोक चावून कुंचल्यासारखे करावे, ती दिवसातून दोन वेळा वापरावी आणि हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, असे सांगितले आहे. तुरट, तिखट व कडू रसाची झाडे पसंत करावीत, असे सांगून करंज, कण्हेर, रुई, अर्जुन इत्यादींची नावे दिली आहेत. सुश्रुताने बारा अंगुळे लांबीची व करंगळीइतक्या जाडीची काडी सांगितली असून कडू वृक्षांत कडुनिंब, तुरटांत खैर, तिखटांत करंज आणि मधुरांत मोह श्रेष्ठ मानला आहे. पनवेलच्या माणसाला ही यादी परकी वाटण्याचे कारण नाही. करंज खाडीच्या व ओढ्यांच्या काठी आढळतो, खैर डोंगरउतारावर, आणि मोह तर लागूनच असलेल्या कर्जत-खालापूरच्या रानातही आहे.

३

हे साधन नित्याच्या सफाईचे झाले. साचून घट्ट झालेल्या मळासाठी सुश्रुताने स्वतंत्र निदान व स्वतंत्र शस्त्र सांगितले आहे. त्या रोगाचे नाव ‘दंतशर्करा’. येथे विद्यार्थ्यांनी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. शर्करा या शब्दाचा मूळ अर्थ खडे, वाळू, कंकर असा आहे. गोड पदार्थाला ते नाव त्याच्या खडेदार रूपावरून मिळाले. मराठीतील ‘साखर’ या शब्दात फक्त दुसरा अर्थ उरल्यामुळे ‘दंतशर्करा’ हा शब्द आज वाचणाऱ्याचा गैरसमज होतो. त्याचा खरा अर्थ ‘दातावरील खर’ असा आहे.

या खराची उत्पत्ती वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात ज्या क्रमाने सांगितली आहे, तो क्रम मुद्दाम लक्षात घेण्याजोगा आहे. दात न धुतल्यामुळे मळ साचतो. तो सुकतो, त्याला दुर्गंधी येते आणि तो स्थिर होऊन शर्करा बनतो. तिच्याकडेही दुर्लक्ष केले तर पुढे दाताचे पापुद्रे निघू लागतात व त्या अवस्थेस ‘कपालिका’ म्हणतात. मऊ मळ ही पहिली अवस्था आणि कठीण शर्करा ही दुसरी, हा संबंध वाग्भटाला स्पष्टपणे ठाऊक होता. कारणे सांगण्याची परिभाषा कफवातादी दोषांची असली तरी क्रमाचे निरीक्षण अचूक आहे. आजचे दंतवैद्यक सांगते ते असे की, मऊ थर वेळेवर काढला नाही तर लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट यांचे क्षार त्यात बसून तो काही दिवसांतच कठीण होऊ लागतो, आणि एकदा तो कठीण झाला की कोणत्याही काडीने वा ब्रशाने निघत नाही.

म्हणूनच त्यासाठी शस्त्र लागते. सुश्रुताच्या वीस शस्त्रांच्या यादीत ‘दंतशंकू’ आहे आणि त्याचे काम शर्करा काढणे हे आहे. दाताच्या मुळांना धक्का न लावता ती काढावी, अशी स्पष्ट सूचना असून त्यानंतर लाखेचे चूर्ण मधातून लावण्यास सांगितले आहे. वाग्भटाने या कामाच्या शस्त्राला ‘दंतलेखन’ असेच नाव दिले असून ते चौकोनी व एका बाजूस धार असलेले असावे, असे म्हटले आहे. आजच्या दवाखान्यात ज्याला ‘स्केलिंग’ म्हणतात, ती क्रिया हीच होय. दात ‘साफ करून घेतल्याने’ ते सैल होतात, हा समज आपल्याकडे सर्वत्र पसरलेला आहे. वस्तुतः खराने भरलेली पोकळी मोकळी झाल्यावर मूळचा सैलपणा जाणवू लागतो, एवढाच त्याचा अर्थ. दंतलेखनाचा शब्द व व्यवहार दोन्ही लोकस्मृतीतून गेले नसते, तर हा समज इतका रुजला नसता, असे वाटते.

४

शर्करा हा शब्द लोकभाषेतून गेला, त्याची जागा ‘किटण’ या शब्दाने घेतली. दातांवर किटण चढले, बसले, असे आपण म्हणतो. हा शब्द संस्कृत ‘किट्ट’ पासून आला. किट्ट म्हणजे गंज, मळ, गाळ. आयुर्वेदात अन्नाच्या पचनातून निघणाऱ्या टाकाऊ भागालाही किट्ट म्हणतात. मराठीतील ‘कीट’ (धातूवरील मळ, दिव्याची काजळी) याच मुळाचा आहे.

दुसरीकडे, दात किडला, दाताला कीड लागली, असे आपण म्हणतो. ‘कीड’ हा शब्द संस्कृत ‘कीट’, म्हणजे कृमी, यापासून आला आहे. कीट व कीड हे दोन शब्द कानाला इतके जवळचे वाटतात की त्यांचे मूळ एकच असावे असा भास होतो. तो भास ध्वनिनियमांनी दूर होतो. संयुक्त व्यंजन असेल तर त्याचा एक घटक गळतो व आधीचा स्वर दीर्घ होतो, जसे भक्त, भत्त, भात. त्याप्रमाणे किट्ट चे कीट झाले. एकेरी ‘ट’ स्वरांमध्ये आला तर त्याचा ‘ड’ होतो, जसे कटु चे कडू, घट चे घडा. त्याप्रमाणे कीट चे कीड झाले. म्हणजे आजचा मराठी ‘कीट’ हा जुना मळ आहे आणि जुना ‘कीट’ ही आजची कीड आहे. दोन शब्द, दोन मुळे, दोन अर्थ.

भाषेने जसे हे शब्द वेगळे ठेवले, तशाच त्यांमागील कल्पनाही वेगळ्या राहिल्या. किटण हा निर्जीव मळ. तो दिसावयास वाईट, पण फारसा अपायकारक नव्हे. कीड ही मात्र बाहेरून येणारी सजीव शत्रू. सुश्रुताचा ‘कृमिदंत’ हा रोगही दंतशर्करेपासून निराळा मोजलेला आहे. या समजुतीला अनुसरूनच रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातील किडे पाडण्याचा उपचार गावोगाव चालत असे. धुरीनंतर भांड्यात दिसणारे पांढरे ‘किडे’ हे वस्तुतः बियांतून निघालेले अंकुर असत. दातातील किड्याची कल्पना केवळ आपलीच नव्हे. प्राचीन बाबिलोनियातही ती होती, आणि युरोपात १७२८ मध्ये पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने आपल्या ग्रंथात आपल्याला असा किडा कोठेही आढळला नाही, असे नोंदवीपर्यंत ती विद्वानांतही मान्य होती.

नंतरचा इतिहास विलक्षण आहे. किड्याची कल्पना त्याज्य ठरली, पण सजीवांची कल्पना निराळ्या रूपाने परत आली. हॉलंडमधील लेवेनहूक याने १६८३ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात आपल्या दातांवरच्या पांढऱ्या मळात हालचाल करणारे सूक्ष्म जीव पाहिल्याचे कळविले होते. त्याचा रोगाशी संबंध मात्र दोनशे वर्षे कोणी जोडला नाही. १८९० मध्ये डब्ल्यू. डी. मिलर याने तोंडातील सूक्ष्मजंतूंवरील आपल्या ग्रंथात, अन्नातील साखर व पिष्ट यांवर जंतूंची क्रिया होऊन आम्ल तयार होते व ते दाताचे कवच विरघळविते, हे दाखविले. त्याच दशकात जी. व्ही. ब्लॅक व लिऑन विल्यम्स यांनी जंतूंचा हा थर दाताला चिकटून असतो, हे सांगितले. ‘प्लाक’ ही संज्ञा रूढ झाली ती यानंतर. १९६५ मध्ये हाराल्ड लो व त्याच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये केलेल्या प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या बारा व्यक्तींनी दात घासणे पूर्णपणे थांबविले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या, आणि सफाई पुन्हा सुरू करताच थोड्याच दिवसांत पूर्ववत झाल्या. इतक्या साध्या प्रयोगाने, इतक्या निर्विवादपणे, फारच थोडे प्रश्न सुटलेले आहेत.

सारांश, किटणाचा आरंभ ज्या थरात होतो तो थर सजीवांचाच बनलेला असतो. कीट आणि कीड यांची मुळे भाषेत वेगळी असली तरी दातावर ती एकाच ठिकाणी नांदतात. कीड बाहेरून लागत नाही. आपण न काढलेला कीट हीच कीड होय.

५

मऊ थराला नाव नसल्यामुळे ‘दात घासणे’ या क्रियेचा हेतू अस्पष्ट राहतो. काय काढावयाचे हे ठाऊक नसले, की कशाने घासावे हे सवयीवर आणि मिळणाऱ्या सुखावर ठरते. दातवण या शब्दाचाच अर्थ यामुळे पालटला. मूळची काडी मागे पडून स्त्रिया दात काळे करण्यासाठी लावीत त्या चूर्णासही दातवण म्हणू लागले. स्वच्छतेचा शब्द शोभेकडे वळला.

राखुंडीची गोष्ट निराळी. कोकणच्या भातशेतीच्या मुलखात गोवरीच्या किंवा भाताच्या तुसाच्या राखेने दात घासण्याची चाल होती. तुसाच्या राखेत सिलिकेचे प्रमाण फार मोठे असते, आणि आजच्या अनेक टूथपेस्टांतही घर्षणासाठी सिलिकाच घालतात. तत्त्व एकच, फरक कणांच्या बारीकपणाचा आहे. भरड राखेने थर निघतो, पण वर्षानुवर्षांच्या वापराने हिरडीजवळचा दात झिजून खाच पडते.

खरा अनर्थ झाला तो मशेरीने. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजून त्यांची पूड करावयाची आणि ती बोटाने दातांवर व हिरड्यांवर घासावयाची, ही चाल कोकणात व पश्चिम महाराष्ट्रात, विशेषतः श्रमिक स्त्रियांत, रूढ झाली. तिला परंपरेचा मान दिला जातो. परंतु तंबाखू ही वनस्पतीच आपल्याकडे पोर्तुगीजांच्या द्वारे आली व सतराव्या शतकाच्या सुमारास पसरली, तेव्हा ही चाल त्याहून जुनी असणे शक्य नाही. चरकसुश्रुतांशी तिचा काडीमात्र संबंध नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाचे डॉ. फली मेहता व त्यांचे सहकारी यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची मुखतपासणी करून तिचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. तंबाखूच्या सवयी व तोंडाचा कर्करोग यांच्या अभ्यासात ही पाहणी पायाभूत ठरली. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात धूरविरहित तंबाखू मनुष्यात कर्करोग उत्पन्न करते, असा निर्णय नोंदविला आहे.

भारत सरकारने १९९२ मध्ये टूथपेस्ट व दंतमंजन यांत तंबाखू वापरण्यास बंदी केली. पण घरच्या तव्यावर भाजली जाणारी मशेरी या नियमाच्या कक्षेत येत नाही. तिच्यावरील उपाय कायद्यापेक्षा भाषेच्या प्रांतातला आहे. “दात घासता का?” या प्रश्नाला मशेरी लावणारी स्त्री “हो, रोज घासते” असे उत्तर देते, आणि तिच्या दृष्टीने ते खरेच असते. प्रश्न विचारणारा व उत्तर देणारी एकच शब्द उच्चारतात, पण दोन निराळ्या क्रियांविषयी बोलतात. “दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा? तोंडात किती वेळ ठेवता?” असे विचारले तरच खरी माहिती हाती येते. कामोठ्यासारख्या ठिकाणी शिकणाऱ्या व बाहेरगावाहून आलेल्या तरुण दंतवैद्याला हा भेद ठाऊक नसेल, तर धोक्याची पहिली खूण त्याच्या समोरून निसटून जाईल.

६

पनवेलमध्ये १८७२ साली जी घटना घडली, तिचे महत्त्व या दृष्टीने पुन्हा तपासावे लागते. वैद्याच्या खलातील औषध कारखान्यात तयार होऊन दूरच्या गावी जाऊ लागले, की त्याबरोबर त्याचे नावही प्रवास करते. दातांच्या बाबतीत हे पुढे ठळकपणे दिसले. १९५२ मध्ये केशव विष्णू पेंढरकर यांनी मुंबईत स्थापन केलेल्या विको कंपनीची ‘वज्रदंती’ घरोघर पोचली. हे कोरांटीचे संस्कृत नाव. मात्र ते वज्रासारख्या दातांची आठवण करून देणारे असल्यामुळे वनस्पतीपेक्षा फलश्रुतीच ग्राहकाच्या ध्यानी राहिली. १९३७ मध्ये भारतात कंपनी म्हणून नोंदलेल्या कोलगेटचे नाव तर पुष्कळ घरांत टूथपेस्टचे सामान्यनामच बनले. चूर्णाची, पेस्टची, मीठ-लवंगेची नावे भाषेत आली. ज्यासाठी हे सारे वापरावयाचे त्या थराचे नाव मात्र आले नाही. परिणामी थर काढण्याचे श्रेय पेस्टला दिले जाते. वस्तुतः ते काम मुख्यतः ब्रशाच्या तंतूंचे, म्हणजे घर्षणाचे आहे. पेस्टचे मोठे साहाय्य तिच्यातील फ्लोराइडमुळे दाताचे कवच बळकट होण्यात आहे. दोन दातांमधील फटीत ब्रश पोचत नाही, तेथे दोरा किंवा बारीक ब्रश लागतो. आणि खर झाला असेल तर लेखनावाचून उपाय नाही.

परिभाषा घडविणाऱ्यांनी ‘प्लाक’ साठी नवे संस्कृत शब्द घडवावेत, याला विरोध असण्याचे कारण नाही. पण ते शब्द कोशात राहतील. लोकांच्या तोंडी असलेल्या शब्दांनाच नेमका अर्थ द्यावयाचा असेल, तर मार्ग सरळ दिसतो. दातावरचा मऊ, रोज काढण्याजोगा थर तो ‘कीट’. साचून कठीण झालेला, दंतवैद्यानेच काढावयाचा तो ‘किटण’. आणि या दोहोंकडे दुर्लक्ष केल्याने होणारा नाश ती ‘कीड’ व हिरड्यांची सूज. वाग्भटाने सांगितलेला मळ, शर्करा व कपालिका हा क्रम आणि आधुनिक विज्ञानाचा क्रम या तीन शब्दांत एकत्र मांडता येतो, आणि तो निरक्षर माणसालाही समजतो.

भाषाभ्यासकाचे काम येथे संपते व दंतवैद्याचे सुरू होते. पण शाळेतील मुलाला “दात घास” एवढेच न सांगता “दातांवरचा कीट काढ” असे सांगितले, तर आपण काय करीत आहोत हे त्याला कळेल, आणि ते मशेरीने किंवा नुसत्या चुळीने होणार नाही हेही त्याला उमगेल. चरकाने दिवसातून दोन वेळा आणि हिरड्यांना न दुखविता म्हणून जे सांगितले, त्यात आज बदल करण्याजोगे काही नाही. सकाळी एकदा व रात्री निजण्यापूर्वी एकदा, एवढे वेळापत्रक तेवढे आपण त्याला जोडावे.